कधीपासून ग्वाय?

चिआयी, १८ मार्च

प्रिय युए-शिया,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. अंगणातल्या लोंगानला मोहर आलाय, मधमाश्या दिवसभर पाढे म्हणतात.

हल्ली मी दर बुधवारी नर्सिंग कॉलेजात खेळायला जातो. हसू नकोस. तिथल्या लिआओ बाई मुलींना आजारी बाळांची शुश्रूषा खेळातून शिकवतात. टेबलावर पुठ्ठ्याचा वॉर्ड, खाटांवर बाळांचे पत्ते, मधे वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत कुठल्या बाळाकडे आधी धावायचं, ते मुलींनी ठरवायचं. आम्ही म्हातारे त्या बाळांचे आजी-आजोबा बनतो आणि घरची माणसं बोलतात तसं अर्धवट बोलतो.

गेल्या बुधवारी माझ्या बाळाच्या पत्त्यावर मी म्हणायचं एकच वाक्य होतं, "आमचं पोरगं ग्वाय आहे हो, अजिबात रडत नाही."

शेजारच्या खाटेवरचं बाळ किंचाळत होतं. म्हणजे फोंग आजी किंचाळत होती. जन्मभर मासे विकल्याचा गळा. दोघी मुली तिकडे धावल्या. तिसरी पेइ-शान, जिला मी मनातल्या मनात मठ्ठ ठरवलं होतं, ती माझ्यापाशीच थांबली.

"आजोबा, कधीपासून ग्वाय आहे?"

"म्हणजे?"

"एरवी रडतं ना? मग आज कधीपासून रडेनासं झालं?"

"अगं ए, इकडे बघ," फोंग आजी म्हणाली. "मास्तरांच्या नातवाला काय धाड भरलीय?"

"आजी, तुमचं बाळ श्वास घेतंय हे खालच्या मजल्यावरही ऐकू येतंय," असं म्हणत तिने माझा पत्ता उलटला. मागे लिहिलं होतं: श्वास जलद, बरगड्यांखाली खळगा, हाक मारली तरी डोळे उघडत नाही.

टाळ्या वाजल्या. गुणी आणि गप्प, दोन्ही 'ग्वाय' या एकाच शब्दात कोंबणारी आपली भाषा. चाळीस वर्षं मी शब्दांचे अर्थ शिकवले, कविता घोकून घेतल्या, आणि वीस वर्षांच्या पोरीने एका प्रश्नात तो शब्द लिचीसारखा सोलून आतली बी दाखवली. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या मुलासारखा मी तिच्याकडे बघत राहिलो. असं शिकवता येतं? एका दुपारी, पुठ्ठ्यावर?

आता लिहितोच.

तू नऊ वर्षांची होतीस. आई माहेरी गेलेली, तुझा दीड वर्षाचा भाऊ आ-ते तापाने निजलेला. मी बाहेरच्या खोलीत पाठांतर स्पर्धेसाठी कविता निवडत होतो. तू तीनदा आलीस. "बाबा, आ-ते रडत नाहीये." तिन्ही वेळा मी मान वर न करता म्हणालो, "ग्वाय आहे तो. तूही हो."

आई परतली तेव्हा सगळं संपलं होतं. तिने तुला विचारलं, "तू जवळ होतीस ना? मग सांगितलं का नाहीस?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

आई तो प्रश्न घेऊनच गेली. छिंगमिंगला सगळे थडगी साफ करायला जमतात, तू येत नाहीस, आणि मावशी म्हणते, "येईल कुठल्या तोंडाने?" मी दर वर्षी ऐकून घेतलं.

रविवारी मावशीला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, त्या पोरीला आम्ही काय काय बोललो." आणि फोन ठेवला.

यंदा थडग्यापाशी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आधी तुझ्या आईला. तू ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. पण आलीस, तर जे विचारायचं ते आता सगळे मला विचारतील.

तू सांगितलं होतंस, युए-शिया. तीनदा.

ऐकूनही न ऐकणारा,
तुझा बाप