दोरी तुटल्याबाबतचा खुलासा

तलावाचा उत्तर काठ,
शनिवार, एप्रिलचा दुसरा आठवडा

आदरणीय राउनाताईंस,

आपली धाकटी बहीण एल्ले हिचा नवरा व्हिल्यो याचा सविनय नमस्कार. रोव्हानिएमीच्या नव्या डॉक्टरांमुळे आपल्या गुडघेदुखीला उतार पडला असेल आणि जिन्यावरचा बर्फ शेजारी आता तरी वेळेवर काढत असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते. सकाळी दोन कप मांडण्याची सवय अजून सुटलेली नाही. पण दुसरा कप हल्ली वाया जात नाही, शेजारचे अस्लाक येऊन तो पितात.

गेल्या ऑक्टोबरात एल्लेला शेवटचा निरोप देऊन परतताना आपण चर्चच्या पायरीवर मला एक अट घातली होती आणि मी ती मान्य केली होती: ज्या दिवशी स्वतःच्या बळावर तलाव ओलांडून दुकानापर्यंत जाता येणार नाही, त्या दिवशी मी हे घर बंद करून आपल्या शेजारच्या रिकाम्या सदनिकेत राहायला यावे. शब्द फिरवणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून कळवणे भाग आहे की गेल्या सोमवारी आमच्या बर्फगाडीची दोरी तुटली. (दोरी म्हणजे मूठ धरून जिला हिसका दिला की इंजिन जागे होते, ती. ती आत एका फिरकीवर गुंडाळलेली असते आणि स्प्रिंग तिला पुन्हा आत ओढून घेते. हे मला सोमवारपर्यंत ठाऊक नव्हते. एकतीस वर्षे ती एल्लेच ओढत असे आणि गेला हिवाळाभर मी केवळ तिची नक्कल करत होतो.) मूठ माझ्या हातात राहिली, दोरीचा तुकडा मुठीत राहिला आणि मी पाठीवर बर्फात पडलो. तेथून आकाश अत्यंत स्वच्छ दिसत होते. त्या स्थितीत मला आपली आठवण झाली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

चार बोल्ट काढून फिरकीसकट वरचे कव्हर मी स्वयंपाकघरात आणले. टेबलावर वर्तमानपत्र पसरले, सुटे भाग काढण्याच्या क्रमाने मांडले, प्रत्येकाला क्रमांक दिला. फिरकी उचलताच स्प्रिंगने क्रम मानला नाही. पुरुषभर उंचीहून लांब अशी ती पोलादी पट्टी उसळली, दिव्याला प्रदक्षिणा घालून पडद्यात शिरली आणि एल्लेच्या जिरेनियमची दोन फुले घेऊन खाली आली. मी ओव्हनचे हातमोजे घालून तिला पकडले. त्याच वेळी अस्लाक कॉफीसाठी दारातून आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, माझ्या हातमोज्यांकडे पाहिले आणि आपला कप पुढे केला.

पुढचे चार दिवस आमचा एकच कार्यक्रम होता. मी स्प्रिंग गुंडाळून बसवायची, दोरी ओवायची, ओढून पाहायची आणि ती दोरी परत आत न जाता जमिनीवर लोळत राहायची. (दोरीसाठी बर्फाखालून मासेमारीचे जाळे ओढण्याची एल्लेची दोरी कापावी लागणार होती. त्यावर मी पूर्ण अर्धा दिवस घालवला. शेवटी अस्लाक एवढेच म्हणाले, “कापा. तिनं तीनदा कापलीय याच गाडीसाठी.” ती दोरी अधूनमधून तोकडी का होत जाते, याबद्दल मी इतकी वर्षे अस्लाकवर संशय घेत होतो. मनातल्या मनात क्षमा मागितली.) प्रत्येक वेळी मी त्यांना विचारले की आता कसे वाटते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवून सांगितले, “तसंही करता येतं.” ही पसंती मी सुट्या भागांच्या स्वतः काढलेल्या आकृतीखाली तारखेसह नोंदवून ठेवली. तशा चार नोंदी झाल्या.

शुक्रवारी दुपारी चौथी नोंद करताना माझी लेखणी थांबली. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात मी सरपणाची रास रचली होती, तेव्हा आपले वडील तिच्याभोवती एक फेरी मारून नेमके हेच वाक्य बोलले होते. दुसऱ्या दिवशी ती रास कोंबड्यांच्या खुराड्यावर कोसळली आणि एल्ले बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली होती. इकडे उत्तरेत विचारल्याशिवाय कोणी दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही, आणि विचारायचे ते ‘कसे वाटते’ असे नाही, हे तिने मला तेव्हाच समजावले होते. दक्षिणेतून आलेल्या शिक्षकाला एक धडा एकतीस वर्षांत दोनदा गिरवावा लागला.

मी लेखणी खाली ठेवली आणि सरळ विचारले, “अस्लाक, हे चुकलंय का?”

“उलटी गुंडाळलीय,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“घर तुमचं, स्प्रिंग तुमची. मी वाट बघत होतो, मास्तर, कधी विचारताय त्याची. कॉफी पिऊन पिऊन पोटात तलाव झालाय.” मग खिडकीकडे पाहत, “एल्लेनंही पहिल्यांदा उलटीच घातली होती. तिला पण नाही सांगितलं. दोन दिवस लागले तिला विचारायला. शिकलेल्या माणसाला जरा जास्त लागणारच.”

ताई, मला अपमान वाटायला हवा होता. मला मात्र फार बरे वाटले. ती ज्या जागी चुकली होती, बरोबर त्याच जागी मीही चुकलो होतो. तासाभरात स्प्रिंग सुलट बसली आणि तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झाले.

आता अटीविषयी. सोमवार ते शुक्रवार मला तलाव ओलांडता येत नव्हता, हे मी नाकारत नाही; पण त्या काळात ओलांडण्याची गरजही पडली नव्हती. टपाल केवळ पलीकडच्या दुकानातून सुटते, हे आपण जाणताच. अर्थात हे पत्र आपल्या हाती आहे, हाच माझा पुरावा. सदनिका कृपया दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.

प्रकृतीस जपावे. 

आपला नम्र,
व्हिल्यो

ता. क. दुकानापाशी इंजिन बंद करण्याचे धैर्य मला झाले नाही. ते चालू ठेवूनच घाईत खरेदी उरकली. मीठ समजून साखर आणली आहे. हे पत्र तेथेच पेटीत टाकायचे विसरून परत आणले, म्हणून आजच पुन्हा जात आहे. पुरावा त्यामुळे दुप्पट मानावा.

ता. क. २. एक विनंती आहे. एल्ले गाडी चालवत असे तेव्हा मी मागच्या लाकडी ओढगाडीत बसत असे. आता मी पुढे आहे आणि ती ओढगाडी रिकामी असल्याने वळणावर फार हेलकावे खाते. सरपणाची दोन पोती ठेवून पाहिली. हेलकावे थांबले, परंतु पोती काही बोलत नाहीत, आणि मी बरोबर चालवतो की नाही हे मला कळत नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रोव्हानिएमीची बस दुपारी दोन वाजता दुकानापाशी थांबते. ओढगाडीत बसायला रेनडिअरचे कातडे अंथरले आहे, गुडघ्यावर दुसरे घेता येईल. माझे काही चुकले तर आपण न विचारता ओरडावे.