नातीच्या पानाला कुलूप

सोमवार, ३
आज नातीकडे राहायला आले, कायमची. चौथा मजला, ऊन थेट पलंगापर्यंत येतं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण पोरीने आल्या आल्या मला नोकरीच दिली. जेवणाच्या टेबलाखाली एक डबा आहे, मांजरासारखा गुरगुरतो. तो म्हणे इमारतीच्या संकेतस्थळाचा सर्व्हर. त्यात इथल्या प्रत्येक माणसाचं एकेक पान. बाहेरून कोणी पान मागितलं की पडद्यावर ओळ उमटते आणि डबा आकड्यात उत्तर देतो. ती कामावर गेली की ते आकडे मी वहीत उतरवायचे. दोनशे म्हणजे घ्या, हे पान. चारशे चार म्हणजे असं काही इथे नाही. पाचशे म्हणजे बिघाड आमच्याच घरात, तुमचा दोष नाही. मी म्हटलं, अगं, सासरी हे सगळं मी तोंडाने करत होते. हसून लोळली कार्टी.

मंगळवार, ४
तळमजल्यावरच्या शिंप्याकडे कोट टाकला, बाह्या कमी करायला. म्हणतो, आजी, बाह्या लांब नाहीत, तुम्हीच आखूड होत चाललात. मी म्हटलं, तुझी टेप ताणली असेल. गोड माणूस.
पस्तीस ओळी उतरवल्या. बरोबर बाराला कोणीतरी त्याच शिंप्याचं पान मागितलं. ओळीत मागणाऱ्याचं नाव असतं ती जागा कोरी. उत्तर दोनशे.

बुधवार, ५
कोट आणायला गेले तर दुकानाच्या जागी भिंत. नवी नाही, जुनी ओल धरलेली. शिंप्याचं पान मागून पाहिलं, चारशे चार. नात म्हणाली, आजी, आपल्याकडे शिंपी कधी नव्हताच. वही दाखवली तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.
बाराला त्या कोऱ्याने दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचं पान मागितलं. दोनशे.

गुरुवार, ६
गाण्याच्या बाई नाहीत. त्यांच्या दारात दुसरंच बिऱ्हाड, सात वर्षं इथेच राहतो म्हणतात. वहीत लिहिलं नसतं तर मीही विसरले असते.
तळमजला, मग दुसरा. आता चौथा. सकाळीच नातीच्या मागे लागले, तुझ्या पानाला कुलूप घाल. म्हातारीचा हट्ट म्हणून घातलं तिने. बाराला कोऱ्याने तिचंच पान मागितलं. चारशे तीन. आहे, पण देणार नाही. जिवात जीव आला.

शुक्रवार, ७
थांबत नाही. दर मिनिटाला तिचंच पान. चारशे तीन, चारशे तीन —
काय करून बसले मी. चारशे चार म्हणजे इथे नाही. चारशे तीन म्हणजे आहे. कुलूप लावून मीच त्याला सांगितलं, पोर आत आहे.
पान पुसून टाकावं तर — शिंप्यासारखंच. माझ्या हाताने नाही.
नातीचा चेहरा फिका पडलाय, तरी हसत सांगत होती, ऑफिसात आज तिचं कार्ड चाललं नाही. शेजारच्या टेबलावरची तिला नवीन आलीस का म्हणाली.

शनिवार, ८
नातीला विचारलं, माणूस घर बदलून गेला तर डबा काय सांगतो. तीनशे एक, म्हणाली. कायमचं हललं, यापुढे तिकडे विचारा. मग मागणारा जुन्या दारी येत नाही. एका चौकटीत जुनं पान, दुसरीत नवं, बस. म्हटलं, मलाही एक पान करून दे. दिलं. फोटोत डोळे मिटलेत माझे.
ती बाजारात गेली. पहिल्या चौकटीत तिचं पान. दुसरीत माझं.
बारा.
तीनशे एक. खाली लगेच दोनशे.
मग ओळी नाहीत. डबा गप्प —

चार वाजले. नात आली. गालावर पुन्हा रंग आलाय. दारातच थबकली, पिशवी खाली ठेवेना. अगदी अदबीने विचारलं, आपण कोणाकडे आलात, पाणी देऊ का. चांगल्या वळणाची पोर. मी म्हटलं, अगं, मी —
वहीत बघते. लिहिलं असेल. मी हिची