थेंबाचा आवाज

ता. १४ नोव्हेंबर १९५४

आज पुन्हा संडासात जाऊन बसलो. कडी लावली आणि भिंतीला डोके टेकले. खोलीत नऊ माणसे जेवायला — वहिनीच्या खानावळीतली, सगळी आमच्याच गावची. सगळे एकदम बोलतात! शेजारी रेडिओ, खाली नळावर भांडण. छातीत काहीतरी फडफडू लागते, घास खाली उतरत नाही.

जेवणाऱ्यांतल्या धाकूने बाहेरून दार बडवले. “मेलंस काय रे भितुर? भायर ये, लायन लागली हा!” सगळी चाळ हसली.

जयवंतदादा म्हणाला, “माणसात बस. बोल. नाहीतर गावी परत जा.” दादा असे बोलला! गावाचे नाव काढले की मला आजोबांच्या धाकट्या भावाची आठवण येते. त्यांना माणसे नकोशी झाली, मग ते गोठ्यात राहू लागले, आणि शेवटी गोठ्यातच गेले. आई कधी कधी मला त्यांच्या नावाने हाक मारते. चुकून, म्हणते.

ता. १६ नोव्हेंबर

माझे डोके फुटेल. एवढेच.

ता. २१ नोव्हेंबर

घाटकोपरच्या टेकडीवरच्या महादेवाला गेलो. दुपारी तिथे कोणी नसते. पिंडीवर तांब्याचे अभिषेकपात्र टांगले आहे, त्यातून थेंब पडतो. टप्. मग काहीच नाही. मग पुन्हा टप्. त्या दोन थेंबांच्या मधल्या जागेत मी बसतो. दुसऱ्या शब्दांत कसे लिहावे ते कळत नाही. सातवीत शाळा सुटली नसती तर कळले असते कदाचित.

देवाकडे एकच मागितले — ही मधली जागा माझ्या आत दे. कुठेही असलो तरी पुरेल एवढी.

पुजारी येताना दिसले तसा उठलो. “कुणाचा रे तू?” असे त्यांनी नक्की विचारले असते.

ता. ३ जानेवारी १९५५

दादाने कुर्ल्याच्या एका गिरणीत मला साचेखात्यात, म्हणजे मागांवर, चिकटवले. दार उघडले आणि आवाज अंगावर कोसळला! इथून तिथवर साचे, धोटे आपटताहेत, जमिनीची थरथर दातांपर्यंत येते. वाटले, इथे मी आठवडाभरही टिकणार नाही.

मग लक्षात आले — इथे कोणी बोलतच नाही! बोलून उपयोगच नाही. धागा तुटला की दोन बोटे. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, आला की मिशीला पीळ. चहा म्हणजे अंगठा ओठाला. गप्प का, असे कोणी विचारत नाही. सगळेच गप्प! बाहेर पडलो आणि मला रडू आले. कशाचे ते माहीत नाही.

ता. ११ फेब्रुवारी

शेजारचे साचे ज्यांना सगळे भाऊ म्हणतात ते चालवतात. जुने विणकर आहेत. आज त्यांनी कापसाचे दोन बोळे माझ्या हातावर ठेवले आणि स्वतःचे कान दाखवले. घाल. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा दाखवले, डोळे वटारून. मी बोळे खिशात टाकले. हा आवाज माझी भिंत आहे. तिला मी भोक का पाडू?

बोळे घरी वापरले. जेवणाच्या वेळी. काय सुख!

वहिनीने पाहिले. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. “भावजी, माझो आवाज इतको टोचता तुमका?” डोळ्यांत पाणी. मी बोळे काढून चुलीत टाकले. तिला काय सांगणार? माझ्यासाठी माशाची मधली तुकडी बाजूला काढून ठेवणारी ती एकटी!

ता. १२ फेब्रुवारी

धाकूने सगळ्यांना सांगितले. आता मी ‘कापूसशेठ’. पुन्हा फडफड. पुन्हा संडास.

ता. ८ ऑगस्ट

जिन्यावर उभा राहिलो, पण आत पाऊल पडेना. नागोबाने वाट अडवावी तसे झाले. खोलीत भजनाची तयारी चाललेली, टाळ, मृदंग, आणि दादाचा आवाज — “तो आला की त्याला पुढे बसवा.” तसाच उलट फिरलो. जॉबरकडे जाऊन दुसरी पाळीही मागितली. तो माझ्याकडे बघतच राहिला. “यार, तू माणूस हायेस की साचा?”

साचा असतो तर किती बरे झाले असते.

ता. २० नोव्हेंबर

हल्ली कानांत रातकिडे बोलतात. गावच्या पडवीतल्यासारखे. खोलीत कितीही गलका असला तरी ते थांबत नाहीत. त्यांच्याकडे लक्ष दिले की छातीतली फडफड निवते. देवा, त्यांना नेऊ नकोस.

ता. ४ एप्रिल १९५६

मिळाले!

आज खोलीत सगळे होते. धाकू उभा राहून माझी नक्कल करीत होता, सगळे पोट धरून हसत होते — आणि मी शांतपणे जेवत होतो. काही टोचले नाही. जणू सगळे खाडीच्या पलीकडे बसले आहेत. वहिनीने शेवटी खांद्याला हात लावला. “किती हाको मारलंय! खंय आसता तुमचा लक्ष?” पण हसून म्हणाली. दादाही पाठ थोपटून गेला. त्याला वाटते मी माणसात आलो.

म्हणजे ती मधली जागा खरोखरच आत आली! गोठ्यातल्या आजोबांची भीती गेली. दोन वर्षे मी रोज मरत होतो, हे आता लिहायला हरकत नाही.

टेकडीवर जाऊन फार दिवस झाले. गिरणी लागल्यापासून गरजच वाटली नाही. कृतघ्न आहे मी. रविवारी जाईन.

ता. ८ एप्रिल

देवळात कोणी नव्हते. पात्र काठोकाठ भरलेले. पिंडीसमोर बसलो, डोळे मिटले आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

डोळे उघडले. थेंब सुटला. पिंडीवर फुटला. पुन्हा सुटला, पुन्हा फुटला. रातकिडे तेवढे ओरडत होते.

कानांत बोटे घालून पाहिले. कापूस नव्हता.