होडीतले कोरडे मोजे

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

वॉरंटीतून माझी ॲल्युमिनियमची होडी परत आली. तुमच्या वर्कशॉपने रंग असा दिलाय की दृष्ट लागावी. काल लशींची पेटी घेऊन तलावापलीकडे निघाले, तर निम्म्या वाटेत पाणी घोट्यापर्यंत. थोडं वल्हवायचं, थोडं उपसायचं, अशी कशीबशी माघारी आले. पत्रे जोडणाऱ्या गळक्या रिव्हेटांवर नुसता लेप फासलाय, अंगठ्याने गुळगुळीत केलेला. तुमचे मॅनेजर फोनवर म्हणाले, होडीत थोडं पाणी यायचंच.

वॉरंटीचे नऊ दिवस उरलेत आणि पलीकडे बारा बाळं लशीवाचून आहेत. उद्या होडी घेऊन येतेय. तू मध्ये पडू नकोस.

माया आहेच.
तुझी नर्सबाई ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

तुझ्यापुढे हात टेकले. भर वर्कशॉपच्या दारात होडी दोन लाकडी घोड्यांवर, त्या उंच तिवयांवर, चढवलीस आणि नळीने आतून पाणी भरलंस. जिथून ठिबकलं तिथे खडूने गोल काढून मॅनेजरांना मोजायला लावलेस. नऊ निघाले. या कामाला पुरे दोन दिवस द्या, असं साहेब स्वतःच म्हणाले. सगळे अजून विचारतात, बाई कोण होत्या.

मी मान वर केली नाही. ताई, तो लेप माझा. अर्ध्या तासात होडी बाहेर काढायचा हुकूम होता. होडी कुणाची, तेही मी चिठ्ठीवर वाचलं नाही. तू बुडाली असतीस. आता नऊही रिव्हेट काढून नवे ठोकलेत. पुन्हा गळली तर तोंड दाखवणार नाही.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

लेप तुझा, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. लहानपणी घरची गळकी बादली तू अशीच बुजवायचास, शेवटी अंगठा ओढून. तुला गुपचूप सांगितलं असतं तर सुट्टीच्या दिवशी निस्तरलं असतंस, आणि पुढच्या होडीला पुन्हा अर्धाच तास मिळाला असता. तुझ्या हातात कसब आहे रे, त्याला वेळ हवा होता. तो मी दारात उभं राहून मागितला.

आज मोजे घालून पलीकडे जाऊन आले. बाराही बाळांनी रडून तळं डोक्यावर घेतलं. मोजे कोरडे ठणठणीत. ते सोबत पाठवलेत. मॅनेजरांच्या टेबलावर ठेव आणि सांग, माझ्या ताईचे आहेत.

तोंड दाखवायला रविवारी ये.
तुझी ताई