चौथं पेन

४ फेब्रुवारी
आज सकाळी अकरा चाळीसला, नगरपालिकेच्या आवक-जावक खिडकीवर, माझं आयुष्य बदललं. वाचनालयातला पंखा बंद आहे, एवढाच अर्ज घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या कारकून मुलीने शिक्का मारला आणि मान वर करून विचारलं, कुणाच्या नावे टाकू? वाचनालयाचे अध्यक्ष, खरेदी समितीचे सभापती, की नगराध्यक्ष? तिन्ही साहेब एकच आहेत.
दोन गोष्टी एकदम पेटल्या. एक प्रेम. दुसरी लोकशाही.

५ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. तीन खुर्च्या आणि बूड एक! मी कॉलेज सोडलं ते असल्याच अन्यायाविरुद्ध. (आणि स्टॅटिस्टिक्सविरुद्ध.) महिनाअखेरपर्यंत या माणसाला दोन खुर्च्यांवरून उठवणार. त्याच दिवशी तिला सगळं सांगणार. शिवाय रोज पहाटे व्यायाम.

११ फेब्रुवारी
अर्जावर काय झालं ते शिपायाने दाखवलं. वाचनालयाच्या अध्यक्षाने निळ्या शाईत सभापतीला लिहिलं. सभापतीने काळ्या शाईत नगराध्यक्षाला. नगराध्यक्षाचा हिरव्या शाईत शेरा : 'अध्यक्षांकडून खुलासा मागवावा.' म्हणजे स्वतःकडूनच! आणि खुलासा आलासुद्धा, निळ्यात : 'मा. नगराध्यक्षांच्या मार्गदर्शनाची प्रतीक्षा आहे.'
शिपाई म्हणतो, साहेब फक्त पेन बदलतात, जागचे हलतसुद्धा नाहीत. वर हसतो! हसण्यासारखं काय आहे यात? ती पण हसली. पण ती माझ्याकडे बघून. ते वेगळं.
व्यायाम उद्यापासून.

१३ फेब्रुवारी
वाचनालयाच्या पाटीवर 'पदसिद्ध अध्यक्ष' लिहिलंय. तळपायाची आग मस्तकात. चार पानी अर्ज खरडला : आपण सिद्ध कधी झालात? साधना कुठे केलीत? कुणी पाहिली?
ताईने घरी कच्चा कागद वाचला आणि पोट धरून बसली. म्हणे, अरे मठ्ठा, एका पदाबरोबर दुसरं आपोआप मिळतं, त्याला पदसिद्ध म्हणतात. कॉलेज सोडलं नसतंस तर कळलं असतं.
कॉलेजात हे शिकवतच नाहीत. आणि आता उशीर झाला, अर्ज आवक झालाय. क्रमांक ४१२. चार काय सुंदर काढते ती.

१७ फेब्रुवारी
'एक माणूस, एक खुर्ची' कृती समिती स्थापन! सभेला एकटा सलूनवाला आला. चहा प्यायला आणि म्हणाला, माझं नाव नको हां घालूस, साहेब दाढीला माझ्याकडेच येतात. भ्याड!
त्यामुळे अध्यक्ष मी. सचिव तूर्तास मीच. प्रसिद्धीप्रमुखही मीच, दुसरं कोण? बाबा पेपराआडून म्हणाले, घरात एक काम नाही आणि बाहेर तीन पदं? बाबांना चळवळ कळत नाही.

२१ फेब्रुवारी
रोज दोन अर्ज. प्रत्येकाला तिची पाच मिनिटं मिळतात. आज म्हणाली, "पुन्हा?" म्हणताना आवाज हलला. आता शंकाच नको.
पहाटे जाग आली होती. थंडी होती.

२६ फेब्रुवारी, दुपार
समितीच्या निवेदनावर आज सुनावणी. इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. दालनात गेलो तर तक्रार निवारण समितीच्या अध्यक्षाच्या जागी कोण? तोच! समोर चौथं पेन. लाल.
माझं भाषणच उडालं. ओरडलो, मागणारा तुम्ही, देणारा तुम्ही, चौकशी करणाराही तुम्ही, मग आम्ही जायचं कुणाकडे? तो शांतपणे म्हणाला, बरोबर बोलतोस बाळा, पण काय करू, माणसं मिळत नाहीत, तात्पुरतं सांभाळतोय. मग आवक वही घेऊन बाजूला बसलेल्या तिला निवेदन वाचायला सांगितलं. तिने खालच्या सह्याही वाचल्या. अध्यक्ष, सचिव, प्रसिद्धीप्रमुख. तो कागदात डोकावून म्हणाला, तिन्ही सह्यांचं अक्षर एकच दिसतंय रे? मी म्हणालो, माणसं मिळाली नाहीत. तात्पुरतं आहे.
खोली फुटली हसून. मला काही वाटलं नाही, कारण ती हसत नव्हती. ती उभी राहिली, म्हणाली, साहेब, मला बोलायचंय. आली माझ्या बाजूने!
मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्याकडे आवक-जावक, जन्म-मृत्यू आणि घरपट्टी, तीन टेबलं आहेत. तुमच्या बावीस अर्जांपायी बाकीची दोन तुंबलीत. लोक माझ्यावर ओरडतात. बास करा आता, दादा."
दादा.
तीन आठवडे त्या खिडकीत टक लावून बघत होतो. टेबलं दिसलीच नाहीत.
बाहेर पडलो. दार धाडकन आपटायचं होतं, पण त्याला ते आपोआप हळूहळू लागायचं यंत्र बसवलंय. ते सावकाश येत होतं आणि फटीतून सगळं हसणं ऐकू येत होतं. शेवटची चार बोटं मीच ढकलली आणि लावून घेतलं.