हक्काच्या तीन रात्री

सान बर्नाबे, वाहाकाचे डोंगर
१६ फेब्रुवारी १९९७

चि. अरासेली हिस आजीचे दोन्ही गालांवर मुके आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझे सीमेपलीकडे राहायचे कागद झाले, मे महिन्यात येतेस, हे डॉन आबुंदिओंनी वाचून दाखवलं तेव्हा मी मक्याच्या पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. नऊ वर्षं झाली गं! हे पत्रही तेच लिहून देताहेत. पोस्टातून निवृत्त झाले, पण शब्द अजून तिकिटं फाडून दिल्यासारखे मोजून वापरतात. (हे वाक्य त्यांनी कुरकुरत लिहिलंय.)

शहरातून गाडी भाड्याने घेऊ की बसने येऊ, असं विचारलंस. बसनेच ये. आपल्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर गावाने शनिवारच्या गावकामात हाताने बांधलेत, प्रत्येकाने आपल्या रागाएवढे. मागे एका साहेबाच्या गाडीचा सायलेन्सर इथेच राहिला, त्यात माझी कोंबडी अंडी घालते. बस सोमवारी आणि गुरुवारी येते. मेलितोन चालवतो, त्याला खड्डे पोटच्या पोरांसारखे ठाऊक आहेत.

इतकी वर्षं लांबून लोभ केलास, आता तो घेऊन इथे ये.

तुझी आजी एउफ्रोसिना (अंगठा)

फ्रेस्नो
९ मार्च १९९७

ती. आजीस, हातावर ओठ टेकवून सा. न.

रागावू नकोस, पण मी गाडीच घ्यायचं म्हणते. माझं विमान शुक्रवारी नऊ मेला शहरात उतरतं. बसने यायचं तर सोमवारपर्यंत रेमेदिओस मावशीकडे बसून राहायचं. परतीचं विमान अठराच्या रविवारी रात्री, म्हणजे गुरुवारच्याच बसने निघायचं. तुझ्याजवळ रात्री किती? तीन. गाडी घेतली तर दहा तारखेला, मातृदिनालाच, मी तुझ्या दारात. पुढे आठ रात्री!

आईचे कागद अजून अडकलेत. ती म्हणते, माझ्या वाटणीचंही आजीला बघून ये. तीन रात्रींत दोघींचं बघणं कसं मावेल? आई सांगते, लहानपणी तू तिला खोट्या सबबी सांगून थोपवायचीस. सायलेन्सरची गोष्ट तसलीच वाटते.

थंडीत शाल घेत जा आणि नातीवर माया ठेव.

तुझी अरासेली

सान बर्नाबे
३० मार्च १९९७

चि. अरासेली हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सायलेन्सर खरा आहे. डॉन आबुंदिओ साक्षीला आहेत, त्यांना अंड्यांचा वाटा मिळतो. पण सबब ओळखलीस. आईवर गेलीस.

आता खरं सांगते. तुझा मामा फिदेल सात वर्षांपूर्वी भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून आला होता. आठवडाभर राहतो म्हणाला. मी टर्की कापली. त्याने उभ्याउभ्या जेवण केलं, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाला की, अम्मा, गाडी संध्याकाळी सहाला परत द्यायची आहे. पुढच्या खेपेला राहीन. ती खेप अजून आली नाही. मसालेदार रश्श्याचा, मोलेचा, अख्खा टोप मी गावात वाटला.

दारात गाडी उभी असली की माणूस अर्धा बाहेरच असतो. सोमवारच्या बसने आलेल्याला मात्र गुरुवारपर्यंत कोणीच नेऊ शकत नाही. तुझ्या आठ रात्री तोंडी आहेत गं पोरी, माझ्या तीन हक्काच्या आहेत. मला तीनच दे.

हे सांगताना मी चुलीकडे तोंड फिरवलं, असं डॉन आबुंदिओ लिहू म्हणाले. मी नको म्हटलं, तरी त्यांनी लिहिलं.

आजीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

एउफ्रोसिना (अंगठा)

फ्रेस्नो
२० एप्रिल १९९७

ती. आजीस सा. न.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून अंगणात गेली, बराच वेळ आली नाही. परत येऊन एवढंच म्हणाली, तीन तर तीन.

गाडी रद्द केली. सोमवारी बारा तारखेला मेलितोनच्या बसमधून उतरेन. मोले उरवायचं नाही.

वाट पाहा. मीही पाहतेच आहे.

तुझी अरासेली

सान बर्नाबे
५ मे १९९७
(शहरात रेमेदिओसच्या घरी, अरासेली उतरताच तिच्या हाती द्यावे.)

चि. अरासेली हिस आशीर्वाद. वि. वि.

आधी हसून घे, मग वाच.

तुझं उत्तर येईना, तेव्हा मला वाटलं पोरगी गाडीच आणणार. म्हणून परवाच्या शनिवारी मी गावकामात उभी राहिले. ट्रक सुसाट जातात, कोंबड्या मरतात, म्हणून रडले. माझ्या दारापुढचा स्पीडब्रेकर गुडघ्याएवढा करून घेतला. शहरातली बुटकी गाडी त्यावरून येऊच नये, असा.

आज त्यावर मेलितोनची बस पोटावर बसली. अकरा माणसांनी ढकलून ती मागे घेतली. आणि त्याच बसच्या टपालात तुझं पत्र होतं. रद्द केलेल्या गाडीचं. मी रस्त्यातच खाली बसले.

मेलितोन म्हणतो, आता महिनाभर येणार नाही, बसशिवाय काय करायचं ते या म्हातारीने बघावं. हे पत्र तो घेऊन जातोय, तेही मला ऐकू येईल अशा शिव्या देत.

तेव्हा बाई, शहरात गाडी कर. मीच सांगते आहे. शनिवारी दहा तारखेला सकाळी गावकाम आहे. माणसं कुदळी घेऊन उभी असतील, तो उंचवटा फोडून तुझी गाडी आत घेतील. दुपारी तो पुन्हा बांधून घेणार आहे, होता तेवढाच. सगळ्यांशी बोलून झालंय.

पुढचं गावकाम सतराच्या शनिवारी. गाव मधल्या वारी कुदळ उचलत नाही, हे तुला माहीत आहे. तोवर तुझी गाडी, तू, आणि तुझ्या डोळ्यांतून बघणारी माझी लेक, तिघी माझ्या अंगणात.

सतराला तो फोडून देईन. कुदळी त्या दिवशी कुठे ठेवल्या ते मला आठवलं तर.

लोभ कागदावर पुष्कळ झाला. ये.

तुझी आजी एउफ्रोसिना (अंगठा, थोडा सिमेंटचा)