एलेनीच्या बेटावर

६ जुलै १९९०, शुक्रवार. यान्बू, सौदी अरेबिया
ठरलं. ग्रीस. ऑक्टोबरात, ह्यांच्या वार्षिक रजेत. दर वर्षी रजा म्हणजे चिपळूण, लग्नं, मुंजी, सगळ्यांसाठी नेलेल्या वस्तू. यंदा आधी नाक्सोस बेट, मग घर. शेजारच्या एलेनीचं माहेर तिथे. तिचा नवरा आणि हे एकाच रिफायनरीत. म्हणाली, "आईकडे वरची खोली रिकामीच असते. हॉटेलात उतरलात तर बोलणार नाही मी तुझ्याशी." आनंदात चहा उतू गेला.

११ जुलै
बाबांच्या फोटो स्टुडिओत वाढले, पण केलं काय, तर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने लोकांच्या सुरकुत्या बुजवल्या. मोकळ्या उजेडात कॅमेरा घेऊन कधी हिंडलेच नाही. इथे तर बाईने रस्त्यावर कॅमेरा काढायची सोय नाही. लेक मुग्धा, भांडी, खिडकीतला पुदिना. झालं माझं छायाचित्रण.
एलेनी सांगते, बंदरावर ऑक्टोपस दोरीवर वाळत घालतात. आपल्याकडे बोंबील घालतात तसे. आधी त्यांचे फोटो काढायचे. तिथल्या पडक्या देवळाचा संगमरवरी दरवाजा काय, सगळेच काढतात.

१९ जुलै
जेद्द्याला जाऊन आलो. जुनी टेलिफोटो लेन्स मिळाली. येताना पूर्ण रस्ता मांडीवर. हे म्हणाले, "बाळंतीण घरी चाललीय असं वाटतंय. मागे ठेव ती." नाही ठेवली.

३ ऑगस्ट
काल इराकने कुवेत घेतलं. इथल्या रेडिओवर अवाक्षर नाही, लंडनच्या हिंदी बातम्यांत कळलं. ह्यांना विचारलं, "ऑक्टोबरचं काय?"
"ऑक्टोबर लांब आहे गं." आवाज नेहमीचा नव्हता.

१९ ऑगस्ट
सगळ्यांच्या रजा बंद. पासपोर्ट ह्यांच्या कंपनीच्या कपाटात, खिशात नुसता इकामा, इथे राहायचा परवाना. मागायला जावं अशी ही वेळही नाही. चिपळूणहून आईचा फोन, परत या म्हणून रडत होती. फोन ठेवला आणि फ्रिजवर ग्रीसचा नकाशा चिकटवला. वेडेपणा, पण बरं वाटलं. मुग्धा बघत उभी. "मम्मी, वॉर में घूमने कौन जाता है?" मी म्हटलं, आपण.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
वाईट दिवस. समुद्रकाठी गेलो होतो. ऊन कलतं, पाणी तांब्याच्या रंगाचं, मुग्धा गुडघाभर पाण्यात. राहवलं नाही. एकच फोटो. मागे बंदरातली जहाजं होती, ते ध्यानातच आलं नाही.
पोलिसांची गाडी आली. "सूरा मम्नूअ." फोटोला बंदी. हल्ली तर जहाजं म्हणजे... ह्यांना ठाण्यात नेलं. मी आणि मुग्धा बाहेर गाडीत. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. फोटो मी काढला आणि उत्तरं हे देत बसले. शेवटी कफीलचा, म्हणजे ज्याच्या हमीवर आम्ही इथे आहोत त्याचा, माणूस आला, ह्यांच्यासाठी शब्द टाकला. पोलिसाने रोल उपसून उजेडात धरला, म्हणाला "खलास", आणि कॅमेरा परत दिला.
घरी आल्यावर हे पाणी प्यायले, मग म्हणाले, "कसा आला असता?"
"चांगला," म्हटलं, आणि रडूच आलं.

२८ डिसेंबर
एलेनी मुलांना घेऊन चालली. नवरा इथेच राहणार. जाताना चीज, ऑलिव्ह, मुलाचं ग्रीक अक्षरांचं पुस्तक देऊन गेली. "वसंतात ये. ऑक्टोबरात काय आहे, डोंगर वाळलेले. एप्रिलला सगळीकडे लाल पॉपी." मिठी मारली. तिच्या नवऱ्याला डब्यात वरणभात द्यायचं कबूल केलंय.

१७ जानेवारी १९९१
सुरू झालं. रियाध, दम्मामकडच्यांचे हाल, इथे त्यामानाने शांत. तरी खिडक्यांना टेप लावला. शाळा बंद. मुग्धा आणि मी ग्रीक अक्षरं गिरवतोय. कालिमेरा म्हणजे सुप्रभात. हे ड्यूटीवर निघाले तेव्हा दोघी एकदम कालिमेरा म्हणालो. कितीतरी दिवसांनी हसले.

१ मार्च, शुक्रवार
लढाई थांबली. हे दारात आले, बूटही न काढता म्हणाले, "एप्रिल." बस, एवढंच.

२ एप्रिल
व्हिसा झाला! तिघांचाही. रोजे चालू आहेत, ऑफिसं लवकर बंद होतात, तरी झाला. ईदनंतर निघायचं. सकाळपासून घरात उगीचच फिरतेय. एलेनीचा फोन: फुलं आली आहेत, आई खोलीला चुना देतेय.

९ एप्रिल
ह्यांची रजा नाकारली. युद्धामुळे राहिलेली दुरुस्ती आता, प्लांट बंद ठेवून. कोणालाच सोडत नाहीत. मी भांडी घासत राहिले. घासलेलीच.

११ एप्रिल
हे कागद घेऊन आले. बायको-मुलीला एकट्याने देशाबाहेर जायची परवानगी, सही करून; इथे त्याशिवाय बाईला निघता येत नाही. टेबलावर ठेवला. "तू आणि मुग्धा जा."
मी म्हटलं, "आई काय म्हणेल? लोक काय म्हणतील, नवरा इथे राबतोय आणि ही..."
"ते सोड."
"तुम्हाला चालेल?"
"नाही चालणार. मलाही यायचं होतं. पण फुलं काय प्लांट सुरू व्हायची वाट बघणार आहेत?"
मग जेवले, झोपले. दुपारची ड्यूटी आहे.
परदेशात एकटी. नऊ वर्षांची पोर बरोबर. भीती वाटतेय, पण नुसती भीतीच आहे असं म्हणवत नाही. माळ्यावरून बॅग काढून पलंगावर उघडी ठेवलीय. मुग्धाने तिचे सँडल टाकले आत. मी अजून काही टाकलेलं नाही. तिचे सँडलही बाहेर काढलेले नाहीत.